तळघरातला पंप थांबत नाही

१

आत्याने हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती, तोच दादाने तिला तळघराच्या जिन्याकडे वळवलं. पाणी हवं का, प्रवास कसा झाला, काही नाही.

"आधी बघ," तो म्हणाला. "मग बस."

आत्या कठड्याला धरून खाली उतरली. चिखलाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास अंगावर आला. चारी भिंतींवर घोट्याच्या जरा वर एक तपकिरी रेघ फिरली होती. पाणी कुठवर चढलं होतं ते सांगायला साक्षीदाराची गरज नव्हती. रेघेच्या खालचं सगळं तपकिरी होतं: टेबलाचे पाय, कपाटाची कड, दाराचा तळ. भिंतीलगत खोक्यांवर खोकी रचली होती आणि सगळ्यांत खालच्या खोक्यांचा लगदा झाला होता. त्यांतून कागदी लॅम्पशेड्स डोकावत होत्या, भिजून चेपलेल्या, हॉटेलात झुंबरासारख्या लटकायच्या होत्या त्या.

टेबलापाशी चिंगी उभी होती. दादाची बहीण, आत्याची भाची. चाळिशी उलटली तरी चिंगीच. ओल्या कागदातून ती तारेचे सांगाडे कात्रीने सोडवत होती. तिने आत्याकडे पाहिलं आणि पुन्हा कात्रीकडे पाहिलं.

"इकडे," दादा म्हणाला.

कोपऱ्यात जमिनीत खड्डा होता. जमिनीखालचं पाणी तिथे गोळा व्हायचं आणि खड्ड्यातला पंप ते पाईपने घराबाहेर फेकायचा. पंपाच्या बाजूला वायरीवर पेरूएवढा नारिंगी गोळा लोंबत होता. त्याला फ्लोट म्हणतात. पाणी वाढलं की तो तरंगत वर येतो आणि पंप चालू होतो. पाणी उतरलं की तो खाली जातो आणि पंप बंद होतो. इतकं साधं.

आत्ता मात्र फ्लोट लोंबत नव्हता. पिवळ्या कापडी पट्टीने तो वर, पाईपला, घट्ट बांधलेला होता.

"मी हात लावला नाही," दादा म्हणाला. "तू स्वतः बघावंस म्हणून. फ्लोट वर बांधला की पंपाला वाटतं, पाणी आहे. मग तो थांबतच नाही. थांबला नाही, जळला, आणि मग घरात तळं. ही हिची पट्टी. शेडला लावते ती."

"कशाला बांधेन मी?" चिंगी कात्रीशीच बोलावं तशी बोलली.

"ते तुझं तुला माहीत! दर थोड्या वेळाने पंप सुरू होतो, दचकायला होतं, म्हणून तूच कुरकुरत होतीस ना? एकदाचा सुरूच ठेवला असशील. आणि निघून गेलीस हॉटेलात."

आत्याला इथे का बोलावलंय ते आता सरळ दिसत होतं. तिच्या भावाने, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांनी, जाताना सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं: खालचा मजला दादाचा, वरचा राजाचा, तळघर चिंगीचं. तिने घराला धोका होईल असं काही केलं नाही तोवर. आणि केलं की नाही, ते आत्या ठरवेल. शेवटचा शब्द तिचा.

"तू फक्त हो म्हण," दादा म्हणाला. "सामान हलवायला माणसं मी बोलावतो."

आत्याचा जन्म स्टेशनवरच्या 'हरवले-सापडले' खिडकीत गेला होता. आपली नसलेली छत्री आपलीच म्हणून शपथेवर सांगणारी माणसं तिने इतकी पाहिली होती, की शपथ ऐकली की तिला आधी छत्री बघावीशी वाटायची. ती गुडघे धरत खाली वाकली. फ्लोटची वायर तपकिरी होती. पाईपवर चिखलाचा थर होता. तिने पट्टीवरून बोट फिरवलं आणि मग ते बोट उजेडाकडे धरलं.

"ही तुला कधी दिसली?"

"काल सकाळी. भाड्याच्या पंपाने पाणी उपसून झाल्यावर."

"म्हणजे पाणी होतं तेव्हा ही पाण्यातच होती."

"मग काय छपरावर?"

आत्याचं बोट स्वच्छ होतं. अगदी स्वच्छ.

"चहा टाकायला सांग," ती उठत म्हणाली. "साखर कमी."

२

वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, चहा आणला, पण कप असा ठेवला की निम्मा बशीत सांडला.

"आत्याबाई, तुम्ही कधी नव्हे त्या आलात, म्हणून स्पष्ट सांगते. त्या तळघराने आमची झोप घालवली. इतके दिवस तो पंप घुंऽऽ करत होता. दिवाणखान्यात बसून बोलायचं तर ओरडावं लागायचं. शेजारी म्हणतात, तुमच्या घरात रोज भांडण असतं का?"

"नसतं का?"

वहिनीने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घशाखाली उतरवलं.

आत्या चहा पीत दिवाणखाना न्याहाळत होती. कोपऱ्यात उभा दिवा होता. त्यावरची शेड जुनी पण सुरेख. वरच्या कडेला पिवळी पट्टी होती. खालची कड उघडी, तिच्यावर वाळलेल्या गोंदाची रेघ तेवढी राहिली होती.

"ही चिंगीनेच दिलेली ना?"

"हो. आता लाज वाटते ठेवायची. राजाच्या मांजराने खालची पट्टी ओरबाडली. परवापर्यंत चांगली होती. त्या मांजराला काही म्हणायची सोय नाही, आणि मालकालाही."

"बाकी बरं आहे सगळं?"

"बरं कसलं! मधे माझे गुलाब जात होते हातचे. वाफ्यात पाणी साचून मुळं कुजली. आता बरे आहेत," वहिनीने खिडकीकडे हनुवटी केली. "बघा, कसे वर आलेत."

राजा, धाकटा भाऊ, अंगणात भेटला. अंगणाची वाटणी झालेली होती: उजवीकडे वहिनीचे वाफे, डावीकडे राजाच्या गाडीची फरशी, मधे फाटकापर्यंत सामाईक वाट. वाटणीची रेघ कुठे आखलेली नव्हती, पण कुत्रंसुद्धा चुकवून चाललं असतं इतकी ती प्रत्येकाला पाठ होती. राजा गाडी पुसत होता. आत्याला पाहून त्याने पुसणं थांबवलं नाही.

"तू आलीस म्हणजे चिंगी गेली," तो म्हणाला. "दादा उगाच कुणाला भाडं खर्चून बोलावत नाही."

"तुला काय वाटतं? तिने केलं?"

"मला काही वाटत नाही. वाटून घ्यायचं ते वडिलांनी वाटून दिलंय." स्वतःच्याच कोटीवर तो खूश झाला. "पण तळघर रिकामं झालं तर दादाला जिम करायची आहे तिथे, आणि मी ते होऊ देणार नाही. तिथे माझी गोदामाची खोली होईल."

"फरशी झकास ठेवली आहेस."

"घासून घासून हात गेले! शेवाळ धरलं होतं. पाय ठेवला की सरकला. आता बरी आहे."

दादाला तिने फाटकाशी गाठलं. तो वाट झाडत होता. झाडत कसला, आत्याने राजाशी काय बोलणं केलं ते ऐकायला जवळ आला होता.

"वाट कोरडी ठेवतोस," आत्या म्हणाली.

"मीच ठेवतो. दुसरं कोण करणार? मधे चिखल झाला होता नुसता, मी आपटता आपटता वाचलो. आता बरं आहे." मग झाडू टेकवून तो म्हणाला, "आत्या, तू कोर्ट भरवायला आलेली नाहीस. पट्टी समोर आहे. अजून काय हवं तुला?"

आत्या घराकडे वळली. सगळ्यांचं आधी वाईट होतं आणि आता बरं होतं. एका पंपाशिवाय.

३

"विचार," चिंगी म्हणाली. "सगळ्यांचं विचारून झालं, तूच राहिली होतीस."

आत्या तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. इथून गेली तर ही कुठे जाईल याचा विचार ती जिन्यावरच करून आली होती. तारा, गोंद, हे टेबल, सहा माणसं झोपतील एवढं. कुठला घरमालक ही सगळी पसाऱ्याची वरात आत घेईल? काम गेलं तर हिच्याजवळ राहणार तरी काय? थोरल्या भावाच्या घरातली एक खाट आणि वहिनीचे टोमणे.

"तुला मी अजून काही विचारलेलं नाही."

"चार वर्षांत एकदा तरी आलीस? आलीस ती मला बाहेर काढायला."

"बोलावलं नाहीस."

"आत्याला बोलवावं लागतं?"

आत्याने एक ओला सांगाडा हातात घेतला आणि ती त्याचा कागद सोलायला लागली. थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या.

"असं नाही," चिंगी शेवटी म्हणाली. "तार वाकतेय. इकडून सोल."

"पट्टी कशी लावतेस तू?"

"गोंदाने. वर चिमटे लावून वाळवते."

"बांधत नाहीस?"

"गाठ मारली की कागदाला सुरकुती पडते. या खोलीत गाठ मारायला दोराच नाही. बुटांनासुद्धा नाही." तिने पाय पुढे केला. बिनलेसचे जोडे. "आणि पिवळी पट्टी मी केव्हाच सोडली. हॉटेलला पांढरी हवी होती. हे मी दादाला सांगितलं तर म्हणतो, जुनी कुठेतरी उरली असेल."

"उरली आहे?"

"शोध की. सगळं उघडंच आहे. भिजलेलं."

"पंप थांबत नाही हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

चिंगी हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "सगळ्यांना. वहिनी म्हणाली, बंद कर मग. राजा म्हणाला, दादाला सांग. दादा म्हणाला, तळघर तुझं, पंप तुझा. माझ्या डोक्यावर तो घुंऽऽ, आणि मी शेड्स करतेय. शेवटी मापं घ्यायला हॉटेलात गेले, परत येते तर पंप गप्प आणि माझी खोकी तरंगतायत."

तेवढ्यात जिन्यावर धप धप पावलं वाजली. नवा पंप खांद्यावर घेऊन प्लंबर आला आणि त्याच्या मागे दादा, वहिनी, राजा. तमाशा फुकट असला की या घरातले तिन्ही मजले एकत्र येत.

"पाणी होतं तेव्हा तुम्ही आला होतात ना?" आत्याने प्लंबरला विचारलं.

"आलो होतो, मावशी. पण आत उतरलो नाही. पाण्यात वीज होती का नव्हती, कुणास ठाऊक. जिन्यावरूनच बघितलं."

"आणि काय म्हणालात?"

"म्हणालो, बहुतेक फ्लोट अडकला असणार. पंप थांबत नाही म्हटलं की दहातल्या नऊ वेळा तेच असतं."

"कुणाला म्हणालात?"

"दादासाहेबांना. ते जिन्यावर माझ्या मागेच होते."

दादाने घसा खाकरला. "कामाला लागा हो. गप्पा कसल्या."

प्लंबरने पट्टी कापली. आत्याने ती मागून घेतली आणि मुठीत ठेवली. जळका पंप निघाला, नवा बसला. नवा फ्लोट त्याच्या वायरीवर मोकळा लोंबत होता, कुठे बांधलेला नाही, कुठे टेकलेला नाही. खड्ड्यात काठोकाठ पाणी होतं. प्लंबरने बटण दाबलं. पंप गुरगुरला, पाणी भराभरा उतरलं, फ्लोट खाली गेला, पंप बंद झाला.

"झालं," दादा म्हणाला. "सिद्ध झालं. गाठ सुटली, पंप थांबला. आत्या, आता तरी..."

भिंतीतून खुळखुळ आवाज आला. फ्लोट हलला. वर आला. पंप सुरू झाला.

सगळे बघत राहिले. पाणी उतरलं, पंप बंद. खुळखुळ. पंप सुरू. बंद. सुरू. मग खुळखुळ आणि पंप यांच्यात अंतरच उरलं नाही.

कुणी बांधलेलं नव्हतं, कुणी हात लावलेला नव्हता, आणि पंप थांबत नव्हता.

४

दोष द्यायला आता नवा माणूस मिळाला.

"तुम्ही खराब पंप आणलात!" वहिनी प्लंबरवर घसरली.

"पंप खराब असता तर पाणी गेलंच नसतं, ताई." त्याने फ्लोट हाताने खाली दाबून धरला. पंप गप्प. सोडला. पंप सुरू. "बघा. तो त्याचं काम करतोय. पाणी येतंय म्हणून चालतोय. पाणी कुठून येतंय ते विचारा."

"जमिनीतून," राजा म्हणाला.

"जमिनीतून एवढं? या दिवसांत? ऊन बघा. सगळ्या विहिरी आटल्यात."

"नळाची लाइन फुटली असेल," दादा म्हणाला. "हिने खिळे ठोकले असतील भिंतीत."

"ठोकले नाहीत," चिंगी म्हणाली.

"तू ठोकले नाहीत, बांधलं नाहीस, तू कधीच काही केलं नाहीस! मग काय घराला घाम फुटला?"

आवाज चढत गेले. आत्याने भांडणाकडे पाठ केली आणि जिना चढून अंगणात आली. कुठली हरवलेली वस्तू शोधायची तर ती जिथे असायला हवी तिथे आधी बघायचं, ही तिची जुनी रीत. पंपाने पाणी फेकलं होतं. किती दिवस, दिवसरात्र. मग ते पाणी कुठे असायला हवं?

रस्त्याकडेच्या गटारात. सगळ्या घरांचे पाईप तिथेच जात होते.

ती फाटकाबाहेर गेली आणि गटारात वाकून पाहिलं.

गटार कोरडं ठणठणीत होतं. तळाशी वाळकी पानं, आणि पानांमधून मुंग्यांची रांग निवांत चाललेली. मुंग्यांना इथे घर करायला पुरेसा वेळ मिळाला होता. इथे बरेच दिवस थेंब पडलेला नव्हता.

म्हणजे तळघरातून नदी निघत होती आणि गटारापर्यंत ओंजळसुद्धा पोचत नव्हती.

पाईपही दिसत नव्हता. आत्या वाटेने परत आली, डावीकडे उजवीकडे बघत. गुलाबाच्या वाफ्यांतली माती सुकत आलेली, वरवर पाणी घातलेली. फरशी कोरडी. वाट कोरडी. उन्हाने सगळं अंगण करपलं होतं, आणि त्या करपलेल्या अंगणात एकच जागा हिरवीगार होती: घराच्या पायऱ्यांमागे, भिंतीला चिकटून, एक हातभर रुंद पट्टा. तिथलं झुडूप माणसाएवढं माजलं होतं. पानांवर डास घोंघावत होते.

आत्याने दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्या.

आत रबरी पाईप वेटोळं घालून पडला होता. त्याचं तोंड भिंतीत खुपसल्यासारखं होतं, आणि त्यातून पाणी धो धो वाहत होतं.

ती थोडा वेळ नुसती पाहत राहिली. मग तळघराच्या खिडकीशी वाकून ओरडली, "चिंगे! तुझ्याकडे शेड रंगवायचा रंग आहे का? गडद कुठलाही!"

५

चिंगीने निळ्या रंगाची बाटली आणली. आत्याने राजाला खाली खड्ड्याशी उभं केलं, बाकीच्यांना झुडपाशी. राजा म्हणाला, मी काय नोकर आहे? पण उत्सुकता असल्याने गेला.

आत्याने बाटली पाईपच्या तोंडाशी उलटी केली. निळं पाणी भिंतीच्या बुंध्याशी गोल गोल फिरलं आणि पाईप जिथून घराबाहेर पडत होता, त्याच भोकातून, पाईपच्या कडेकडेने, आत शिरलं.

"निळं!" खालून राजाची किंकाळी आली. "आत्या, खड्ड्यात निळं पाणी येतंय!"

पंप गुरगुरला. झुडपातल्या पाईपच्या तोंडातून निळं पाणी बाहेर पडलं. आणि पुन्हा भोकात गेलं.

"अरे देवा," प्लंबर म्हणाला. "हा तर तेच पाणी फिरवतोय. तेच ते, तेच ते. थांबणार कसा? पंप जळला आणि इथे साठलेलं सगळं घरात उतरलं."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम पाईप इथे आणून ठेवला," दादाने चिंगीकडे पाहिलं. "जी खाली राहते तिला बरोबर माहीत असणार..."

"दादा, पुरे," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण खिडकीमागे बसून रांगेतल्या माणसांना गप्प करायची तिची सवय गेलेली नव्हती. "राजा, वर ये. आता मी विचारेन आणि तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणायचं. पाईप पूर्वी गटारापर्यंत जायचा?"

"जायचा," चिंगी म्हणाली.

"कुठून?"

वहिनी गुलाबांकडे बघत होती.

"वहिनी, तुझ्या वाफ्यातून. पाईप मधेच कुठेतरी चिरला, वाफ्यात पाणी साचलं, मुळं कुजली. मग गुलाब बरे झाले. आपोआप?"

"मी... मी नुसता उचलला," वहिनी म्हणाली. "पलीकडे ठेवला. माझ्या बाजूला माझे गुलाब आहेत, मला काय ते मारायचेत?"

"पलीकडे म्हणजे राजाच्या फरशीवर. फरशीला शेवाळ धरलं. मग राजा, फरशी बरी झाली. घासल्यामुळे?"

राजाने मान खाजवली. "माझ्या बाजूचं पाणी नव्हतं ते. मी वाटेवर टाकला. वाट सामाईक आहे."

"आणि वाटेवर चिखल झाला. तो कुणी बरा केला, ते मला तो स्वतःच सांगून गेलाय."

दादाचा चेहरा लाल झाला. "वाट सामाईक आहे म्हणजे काय कुणीही घाण करावी? मी आपटलो असतो! मी तो अशा जागी ठेवला की कुणाच्याच बाजूला नको. ही जागा वाटणीत कुणालाच आलेली नाही!"

"हो ना. कुणालाच आली नाही," आत्या म्हणाली. "कारण ती घराची आहे."

तिने तिघांवरून बोट फिरवलं.

"तिघांनी मिळून चिंगीचं तळघर बुडवलंत," आत्या म्हणाली. "एकमेकांशी एक शब्द न बोलता. बोलला असतात तर निदान गटारात गेलं असतं."

"चुकून झालं," दादा म्हणाला. "ठीक आहे, पाईप चुकून झाला. पण पट्टी? पट्टी तर हिने बांधली ना? तिचं काय?"

आत्या याचीच वाट बघत होती. तिने मूठ उघडली.

"त्या खोलीत रेघेच्या खालची एकही वस्तू स्वच्छ राहिलेली नाही. फ्लोटची वायर तपकिरी, पाईप तपकिरी. आणि ही पट्टी बघ. धुतल्यासारखी. ही पाण्यात कधी गेलीच नाही. पाणी उपसून झाल्यावर, पाईपवरचा चिखल वाळल्यावर बांधली आहे. ज्याला वाटलं की फ्लोटच अडकला असणार, त्याने बांधली. जिन्यावर उभं राहून प्लंबरचं ते वाक्य कुणी ऐकलं?"

"मी ऐकलं म्हणजे मीच..."

"आणि ती आली कुठून? चिंगीकडे पिवळी नाही. या घरात पिवळी पट्टी एकाच ठिकाणी आहे." आत्याने वहिनीकडे पाहिलं. "दिवाणखान्यात. मांजराने ओरबाडलेल्या शेडवर. ही घे, मागच्या बाजूला वाळलेला गोंद अजून आहे. तुझ्या शेडला लावून बघ."

वहिनीने पट्टी घेतली. उलटी केली. गोंदाच्या रेघेवर बोट फिरवलं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज पंपाच्या वर गेला.

"माझी शेड? माझी शेड फाडलीत तुम्ही? आणि मी दोन दिवस त्या मांजराला दारात उभं करत नाहीये!"

"मी म्हटलंच होतं, माझं मांजर..." राजा म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघं एकदम ओरडले. लग्नानंतर इतकं एकमत कधी झालं असेल, आत्याला आठवेना.

६

भांडण ओसरायला वेळ लागला. चिंगी सगळा वेळ झुडपाला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती. हातातली निळी बाटली ती बोटांनी पुसत होती, पुन्हा पुन्हा.

"तर," आत्या म्हणाली, "भावाने मला एकच विचारून ठेवलं होतं. चिंगीने घराला धोका केला का? नाही केला. तळघर तिचं. बाकी कुणी काय केलं, ते ठरवायला त्याने मला सांगितलेलं नाही, म्हणून तुम्ही सुटलात."

दादाने पाईपवर लाथ मारली. मग तो आत्याजवळ आला आणि आवाज खाली आणून, जवळजवळ प्रेमाने म्हणाला, "ठीक. आज तुझा शब्द. पण आत्या, तुझं वय बघ. तू काही जन्माला पुरणार नाहीस. तू गेल्यावर शेवटचा शब्द कुणाचा?"

चिंगीची बोटं बाटलीवर थांबली. हा प्रश्न तिनेही स्वतःला विचारला असणार, बहुतेक रोज. आत्याने ते पाहिलं. आपण चार वर्षं आलो नाही, पुढच्या चारांतही किती वेळा येऊ, कोण जाणे. आपल्या शब्दाच्या भरवशावर ही पोर या तिघांच्या पायांखाली राहणार. असा भरवसा म्हणजे वाळूत रोवलेला खांब.

"मी जायची वाट कशाला बघतोस?" ती म्हणाली. "आत्ताच सांगते. तळघराचा शेवटचा शब्द आजपासून चिंगीचा. मी माझा तिला दिला. आणि पाणी तळघरातून निघतं, तेव्हा पाण्याचाही तिचाच."

"असं देता येत नाही!"

"मला दिला होता. मी दिला. हे तिघं साक्षीदार," आत्याने वहिनी, राजा आणि प्लंबरकडे बोट केलं. प्लंबरने उगाच हात वर केला. आणि नवल म्हणजे वहिनीनेही. शेड फाडली गेली होती.

"मग आता पाईप कुणाच्या बाजूने न्यायचा?" राजाने विचारलं, आणि सवयीने आत्याकडे पाहिलं. आत्या पिशवी उचलत होती. तिने हनुवटीने चिंगी दाखवली.

सगळे चिंगीकडे वळले. तिने अंगण पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"गुलाबांतून," ती म्हणाली.

"अगं बाई!"

"फरशीवरून. मग वाटेवरून. तिघांच्याही बाजूने. कुठे चिरला तर तिघांनाही कळेल."

"एवढा पाईप पुरायचा नाही," प्लंबर म्हणाला.

"जोड लावा. आणि दादा, तू तोंड धर."

"मी?"

"पंप चालू आहे. लवकर धर."

दादाने आत्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि कुठूनच मदत येत नाही हे पाहून झुडपात हात घातला. पाईप हातात उसळला. निळ्या पाण्याचा फवारा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून कमरेपर्यंत बसला. तसाच तो गुलाबांतून चालला, काट्यांत अडखळत, फरशीवर घसरत, वाटेवर निळी रेघ ओढत, आणि त्याच्यामागे राजा आणि प्लंबर पाईप सोडत चालले.

पाणी गटारात पडलं. मुंग्यांची धावपळ उडाली. थोड्या वेळाने घराच्या पोटातला घुंऽऽ तुटला आणि परत सुरू झाला नाही.

वहिनी अजून नवऱ्याला बोलत होती, पंपाच्या वर जायच्या आवाजात, आणि पंप नसल्याने तिचं "तुमची अक्कल!" रस्त्याच्या त्या टोकापर्यंत गेलं. समोरच्या घरात एक खिडकी उघडली. वहिनीने तोंडावर हात ठेवला. चिंगीला हसू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला नाही.

"आत्या," ती म्हणाली, "बॅग ठेव. वरची खोकी कोरडी आहेत, पण खालच्यांचे सांगाडे सोलायचेत अजून. जातेस कुठे?"

"बोलावतेस का?"

"नाही," चिंगी जिना उतरत म्हणाली. "सांगतेय."